दहा मीटरवरचा खंड्या

माझी लेन्स 250 मिलिमीटरला संपते. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांमध्ये हे सांगितलं की 'निदान सहाशे तरी हवी' असा सल्ला ठरलेला. एफ/4ची 600 मिलिमीटर लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते, वजन तीन किलोंच्या आसपास, आणि तिला पेलणारा ट्रायपॉडही तसाच भक्कम लागतो. पतसंस्थेत नोकरी आणि दोन मुलांच्या फिया, यात ते बसणारं नव्हतं. पण पक्षी मला जवळून पाहायचे होते, अगदी पिसाची कड दिसेल इतके. मग हातात आहे त्यातून किती काढता येतं, याचाच मी गेली काही वर्षं पिच्छा पुरवला.

कॅमेरा कॅननचा 1500डी. लेन्स 55-250, मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून जुनी घेतलेली. ती घ्यायला माझा मामेभाऊ बरोबर होता. तो लग्नांचे फोटो काढतो, त्यामुळे जुन्या मालाची त्याला पारख आहे. दुकानदाराने पुढे ठेवलेल्या पहिल्या लेन्सची दोन्ही झाकणं त्याने काढली, मोबाइलची बॅटरी एका बाजूने तिरकी धरली आणि मला दुसऱ्या बाजूने आत बघायला लावलं. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या काचेच्या कडेला पांढुरके, फाटे फुटलेले तंतू उजळले. "बुरशी. ही नको," तो म्हणाला, "आज कडेला आहे, दोन पावसाळ्यांत मधे येईल." दुसरीत धुळीचे चार कण होते. त्यांच्याकडे त्याने लक्षसुद्धा दिलं नाही, कारण आतल्या एवढ्याशा धुळीने फोटोत काही फरक पडत नाही. मग समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून 250वर फोटो काढले आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं पडद्यावर मोठी करून वाचली. ती लेन्स घेतली. घरी ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहते. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की त्यांच्यासाठीच ठेवलेल्या जुन्या कढईत गरम करायचे, पुन्हा निळे होतात. पुण्याच्या पावसाळ्यात एवढी काळजी पुरते.

माझी शाळा म्हणजे कवडी पाट. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा तो ठेंगणा पूल. हडपसरहून बसने जाता येतं. शहराचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन नदी इथे येते, पाण्यावर फेस असतो, काठाच्या बाभळींना प्लास्टिक लोंबत असतं. ते बघून दर वेळी संताप येतो. तरीही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चक्रवाक, शेकाटे, तुतवार, धोबी इथे उतरतात, कारण त्या पाण्यात किडे-अळ्या मुबलक. आणि पूल पाण्याला इतका लागून आहे की बसल्यावर डोळे पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतात. वरून खाली काढलेल्या फोटोत पक्षी चिखलावर चिकटवल्यासारखा दिसतो. समपातळीवरून काढला की मागचं पाणी लांब जातं, धूसर होतं आणि पक्षी उठून दिसतो. हे काम महागडी लेन्स मोठ्या अॅपर्चरने करते. आपण खाली बसून बरंचसं करू शकतो.

खरा हिशोब अंतराचा आहे, आणि तो मी एकदा वहीत मांडला तेव्हा माझी शोधाची दिशाच बदलली. या कॅमेऱ्याचा सेन्सर 22.3 मिलिमीटर रुंद. 250वर, 40 मीटर लांबच्या पक्ष्याकडे रोखलं तर चौकटीत साधारण साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा मावतो. त्यात 25 सेंटिमीटरचा खंड्या म्हणजे 6000 पिक्सेलांपैकी जेमतेम सव्वाचारशे. 20 मीटरवर तेच साडेआठशेच्या घरात जातात आणि 10 मीटरवर सतराशेच्या. लांबीत दुप्पट म्हणजे क्षेत्रफळात चौपट. 20 मीटरवरून 10 मीटरवर येणं म्हणजे 250ची लेन्स 500ची करणं, आणि प्रकाश तसूभरही न गमावता. एवढा फायदा पैसे देऊन मिळवायचा तर मोठी रक्कम मोजावी लागते.

पण आपण पुढे सरकलो की पक्षी उडतो. म्हणून उलटं करायचं, म्हणजे पक्षी कुठे येणार ते आधी ओळखायचं आणि तिथे त्याच्या आधी जाऊन बसायचं. कवड्या खंड्याला पाण्यावर झुकलेली ठरावीक फांदी लागते. खालच्या दगडावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की ती रोजची बैठक समजावी. अशा एका फांदीपासून दहा-बारा पावलांवर, उन्हाकडे पाठ करून, मातकट ओढणी डोक्यावरून घेऊन मी बसायला लागले. सुरुवातीला सगळे दूर राहतात. मग धोबी येतात, शेपट्या हलवत पायाजवळून जातात. धोबी निवांत दिसले की बाकीचेही धीट होतात, असं मला अनेकदा जाणवलंय. म्हशी घेऊन येणारे एक काका असतात. ते म्हणाले, "ताई, म्हशीला पाखरं भीत न्हाईत. तुम्ही बी आमच्या म्हशींच्या मागं बसा." ते मी ऐकलं, आणि त्याचा चांगला उपयोग झाला.

हातात स्थिर धरणं ही पुढची गोष्ट. जुना नियम सांगतो की शटरचा वेग लेन्सच्या लांबीइतका तरी हवा. या सेन्सरसाठी लांबीला 1.6ने गुणायचं, म्हणजे 250ला सेकंदाचा 400वा भाग. लेन्समधलं स्थिरीकरण त्यात सूट देतं, पण ते फक्त आपल्या हाताचं थरथरणं सावरतं. पक्ष्याने मान वळवली तर त्याचा काही उपाय त्याच्याकडे नाही. म्हणून बसलेल्या पक्ष्यालाही मी 1/800 ठेवते, उडत्याला 1/2000. त्यासाठी आयएसओ 800 किंवा 1600 करावा लागला तर बेलाशक करते. दाणेदार फोटो नंतर बराच सुधारता येतो, हललेला येत नाही. शिवाय एकच फोटो काढण्याऐवजी तीन-चारांची छोटी माळ लावते. बटण दाबताना पहिल्याला हिसका बसतो, पुढचे बहुधा जास्त स्वच्छ येतात. टेकणासाठी जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्हीकडून शिवलाय. आत दोन किलो तांदूळ. पुलाच्या कठड्यावर ही पिशवी ट्रायपॉडपेक्षा बरी, कारण जमिनीलगत बसते आणि लेन्स हवी तशी वळते.

लेन्सवर संरक्षण म्हणून लावलेला स्वस्त काचेचा फिल्टर मी काढून टाकला. तो लावून आणि काढून त्याच फांदीचे फोटो घेतले तेव्हा 250ला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसला. संरक्षणासाठी हूड आहे, तो तिरपं ऊनही अडवतो. कॅमेऱ्यातलं डिजिटल झूम तर कुणीही वापरू नये. ते आहे तेच कापून फुगवतं, आणि ते काम घरी संगणकावर जास्त सावकाशीने करता येतं.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे हवा. उन्हं चढली, दगड तापले की पाण्यावरची हवा थरथरू लागते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहा पट मोठं करून लांबचा चक्रवाक पाहिला तर त्याची कड वितळताना दिसते. त्याला कोणतीच लेन्स पुरी पडत नाही, दहा लाखांचीही नाही. थंडीत भल्या पहाटेही असं होतं, कारण पाणी हवेपेक्षा उबदार असतं. उपाय पुन्हा तोच, अंतर कमी करा. मधे हवा कमी आली की थरथरही कमी येते. कवडीला दिवस उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतचा वेळ मी धरते. त्यानंतर कॅमेरा पिशवीत आणि नुसती दुर्बीण.

अशाच एका सकाळी कवड्या खंड्या फांदीवरून उठला आणि माझ्या समोर, पाण्यापासून दोन पुरुष उंचीवर, हवेत जागच्या जागी थांबला. पंख वेगाने चालू, डोकं मात्र खिळवल्यासारखं स्थिर, चोच सरळ खाली. उडत्या पक्ष्याचा फोटो काढायला शिकायचं तर याच्यासारखा गुरू नाही, कारण तो एका जागी थांबून फोकसला सवड देतो. मधला एकच बिंदू, सतत फोकस ठेवणारी पद्धत, एफ/5.6, 1/2000. घरी मोठं करून पाहिलं तेव्हा छातीवर दोन काळे पट्टे स्पष्ट होते, म्हणजे नर. मादीला एकच पट्टा असतो, तोही मधे तुटलेला. खालच्या चोचीवर पाण्याचा एक थेंब होता, तो गोल दिसत होता.

पतसंस्थेतले माझे एक सहकारी निकॉनचा पी900 वापरतात. 2015 साली आलेला हा कॅमेरा 2000 मिलिमीटरइतका पल्ला देतो. चंद्राचे खड्डे, धरणाच्या मधल्या बेटावरचा करकोचा तो भर उन्हात सुरेख टिपतो, आणि एकाच कॅमेऱ्यात सगळं हवं असणाऱ्याला मी तसलाच सुचवीन. पण त्याचा सेन्सर माझ्या कॅमेऱ्याच्या साधारण बाराव्या हिश्श्याइतका आहे. सकाळच्या कोवळ्या उजेडात पिसांचा पोत तिथे पुसट होतो. म्हणून आम्ही ठरवून वेगवेगळ्या वेळी कॅमेरे बाहेर काढतो, आधी माझा, ऊन आल्यावर त्यांचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं भिगवणला गेलो. कवडीचं पाणी पुढे भीमेला मिळतं आणि उजनीच्या जलाशयात पसरतं, तिथेच कुंभारगावच्या उथळ भागात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. शेजारच्या बोटीतले लोक नावाड्याला थवा उठवायला सांगत होते, उडणाऱ्या लाल पंखांचा फोटो हवा म्हणून. हे तिथे सर्रास चालतं आणि मला ते सहन होत नाही. दूरवरून उडून आलेल्या पक्ष्याचं चरणं मोडून मिळवलेला फोटो कितीही तीक्ष्ण असो, मला तो नको. आमचा नावाडी तरुण होता. त्याने आमची बोट वाऱ्याच्या बाजूला बरीच लांब नेली आणि इंजिन बंद केलं. "आता हलू नका ताई. वारा आपल्याला आपोआप नेतोय. त्यांनी मान वर केली की मी बांबू टेकवून बोट थांबवतो."

इंजिनाची थरथर गेल्यावर हात स्थिर झाले. ट्रायपॉड बोटीत निरुपयोगी, तांदळाची पिशवी मात्र काठावर चपखल बसली. वीस मिनिटं लागली असतील. रोहित चोच उलटी धरून पाणी गाळत होते, पायांनी चिखल ढवळत होते, आणि आमच्याकडे बघतही नव्हते. एकाने मान पाठीवर वळवून पिसं साफ करायला घेतली. गुलाबी चोच, तिचं काळं टोक, आणि त्या टोकात धरलेलं एकच पीस. 250लाही चौकट जवळजवळ भरली होती.

परतल्यावर नावाड्याने तो फोटो मागितला, मी तिथेच मोबाइलवर पाठवला. मार्चमध्ये त्याचा फोन आला. थवा उठवा म्हणणाऱ्यांना तो आता बोट सुटायच्या आधी हा फोटो दाखवतो आणि विचारतो, असा पाहिजे की लांब पळणारा? बरेचजण इंजिन बंद ठेवायला तयार होतात, असं म्हणाला. मग म्हणाला, "पट्टकादंबांचा असाच एखादा द्या की, ताई. तेबी लोक लई उठवत्यात."