राजानं बांधलेलं नाटकघर

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्यांचा बेत ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावरची भेळ, आणि परतताना चपला नि साज. मीही माहेरच्यांना वर्षानुवर्षं एवढंच दाखवलं. तुम्ही याल तेव्हा मात्र अर्धा तास जास्तीचा काढा आणि खासबागेकडे चला.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं गोलाकार क्रीडागार पाहिलं. ते मनात धरून १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीमैदान उभं राहिलं. मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक. म्हणजे अगदी मागे बसलेल्यालाही डाव दिसावा. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झालं. पैलवानाची असो की नटाची, 'तालीम' हा शब्द आपल्याकडे एकच आहे. महाराजांनी दोन्ही शेजारी शेजारी बसवल्या! नाटकघराच्या सभागृहात मध्ये एकही खांब ठेवला नाही. खांबाआड बसून जिनं नाटक नुसतं ऐकलंय, तिलाच याचं मोल कळेल.

१९५७ साली या वास्तूला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. केशवराव कोल्हापूरचेच. बायकांनी रंगभूमीवर यायचं नाही असा तो काळ. लहानगे केशवराव 'शारदा' नाटकात म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीचं दुःख गात, आणि त्या भूमिकेनं गाजले. १९०८ मध्ये अठराव्या वर्षी त्यांनी 'ललितकलादर्श' मंडळी काढली आणि १९२१ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले.

आमच्या सासूबाईंना नाटकाचं भारी वेड. "पुढच्या नाटकाला नक्की नेते हं," असं मी त्यांना दोन वर्षं म्हणत होते. कधी शाळेच्या वह्या तपासायच्या, कधी पाहुणे, कधी मुलांच्या परीक्षा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाटकघराला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सारं जळालं. सकाळी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "भिंती राहिल्या का गं?"

दगडी भिंती राहिल्या होत्या. पुढे पुनर्बांधणीचं काम सुरू झालं, तेव्हा त्यांना रिक्षानं नेऊन बाहेरूनच दाखवलं. बराच वेळ त्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "वह्या उद्या तपासल्या असत्यास तर चाललं असतं." रागावून नाही, सहज. पण मला ते अजून लागून आहे.

म्हणून सांगते, तुमच्याही गावात असं एखादं जुनं नाटकघर असेल. घरात कुणाला तरी तिथं जायचं असेल. या महिन्यातच तिकिटं काढा. एक दिवस पिठलं-भात केला तर कुणी उपाशी राहत नाही!