स्टार दाबा, सहा दाबा

टेलिफोनचा शोध लागला तेव्हा त्यावरून एका वेळी दोनच माणसं भांडू शकत. पुढे विज्ञानाने प्रगती केली आणि आता एका वेळी बेचाळीस माणसं एकाच फोनवर गप्प बसू शकतात. याला आमच्या बँकेत कॉन्फरन्स कॉल म्हणतात.

आता व्हिडिओचा जमाना आहे, लोक अमेरिकेतल्या नातवाचा पहिला दात इथे बसून बघतात, हे सगळं मला मान्य आहे. पण आमच्या विभागीय कार्यालयाचा जीव अजून साध्या फोनवरच. एक तर निम्म्या शाखांतलं इंटरनेट कधी चालू असतं हे त्या इंटरनेटलाच ठाऊक नसतं. दुसरं म्हणजे, साहेबांचा चेहरा न दिसता नुसता आवाज आला की वसुली जास्त होते, अशी वरिष्ठांची श्रद्धा आहे. तेव्हा दर सोमवारी सकाळी साडेनऊला आमचे मॅनेजर फोन उचलून माझ्या टेबलावर आणतात आणि स्पीकर चालू करतात. माझ्याच टेबलावर का, तर वायर तिथपर्यंत पोचते म्हणून. वीस वर्षांच्या नोकरीत व्यवस्थापनाच्या इतक्या जवळ मी दुसऱ्या कुठल्याही कारणाने गेलेलो नाही.

साहेब सुरुवात करतात. "गुड मॉर्निंग. मागच्या आठवड्यात ठेवींची परिस्थिती—"

टूं!

"कोण बटणं दाबतंय?"

शांतता. बेचाळीस शाखा श्वास रोखून बसतात.

"कृपा करून कोणीही बटण दाबू नये."

टूं, टूं! "सर, मी नव्हतो."

इथे खरी गंमत आहे. मीटिंगमध्ये प्रत्येकाने आपला आवाज बंद ठेवायचा असतो आणि बोलायचं झालं तर आधी स्टार आणि मग सहा दाबून तो उघडायचा असतो. म्हणजे "बटण मी दाबलं नाही" हे सांगायलाही दोन बटणं दाबावी लागतात. बरं, सांगून झाल्यावर पुन्हा आवाज बंद करायला आणखी दोन. एका निरपराध माणसामागे चार टूं. आमच्याकडे निरपराध माणसांची संख्या मोठी आहे.

हे टूं प्रकरण काय आहे, असं मी पुण्याच्या माझ्या भाच्याला विचारलं. तो टेलिफोनच्याच एका कंपनीत इंजिनियर आहे. मी पडलो बी.कॉम.; हर्ट्झ म्हटलं की मला व्याजाचा दर विचारावासा वाटतो. पण त्याने समजावलं आणि मला चक्क समजलं.

"मामा, तुला वाटतो तसा तो एक सूर नसतो, दोन असतात. आडव्या ओळीचा एक आणि उभ्या ओळीचा एक. पाच दाबलास की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. सहाला ७७० आणि १४७७."

"म्हणजे दर बटणाची दोन ठिकाणी नोंद. एक नावे, एक जमा," मी म्हणालो.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "हो, तसं म्हण." इंजिनियर लोकांना दुहेरी नोंदीची थोरवी कळायला वेळ लागतो.

दोन सूर कशाला, तर माणसाच्या बोलण्याने चुकून नंबर लागू नये म्हणून. माणूस बोलताबोलता नेमके हे दोन सूर एकदम काढण्याची शक्यता फार कमी. ही युक्ती अमेरिकेतल्या बेल कंपनीची. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी तिने पेनसिल्व्हेनियातल्या दोन गावांत असे बटणांचे फोन सुरू केले. स्टार आणि त्याच्या जोडीची चौकटीची खूण तेव्हा नव्हती. ती बटणं १९६८ साली आली. त्या पाच वर्षांत अमेरिकन माणूस आपण निरपराध असल्याचं कसं सांगत होता, कोण जाणे.

"मग ते मधलं यंत्र हे सूर गिळून का टाकत नाही?" मी विचारलं.

"गिळतं ना. पण सूर ओळखायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सुरुवातीचा तुकडा पुढे गेलेला असतो." म्हणजे चोर ओळखेपर्यंत त्याचा एक पाय दाराबाहेर. यावर उपाय असा, की सगळंच बोलणं किंचित थांबवून पुढे सोडायचं, म्हणजे आख्खा सूर कापता येतो. मात्र यंत्र फार तत्पर झालं तर एखाद्याचं खरंखुरं बोलणंही बटण समजून कापतं. आमच्या विभागात हे यंत्र बसवलंच तर ते तत्पर नसेल, याची मला खात्री आहे.

शेवटी त्याने सांगितलं ते ऐकून माझे डोळेच उघडले. मोबाइलवरून मीटिंगला बसलेल्या माणसाचं बटण मुळात मोबाइल वाजवतच नाही. मोबाइल फक्त निरोप धाडतो, 'सहा दाबलं', आणि टूं काढतं ते पलीकडे कंपनीचं यंत्र. त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन बटणांचा आवाज बंद केला तरी तो फक्त आपल्या कानापुरता बंद होतो. इतर एकेचाळीस जणांना तो जसाच्या तसा पोचतो. सोमवारी "मी नव्हतो" म्हणणारे अगदी मनापासून तसं म्हणत होते!

या टूंची नुसती करमणूकच झाली असती, तर मी एवढं लिहिलं नसतं. पण एका सोमवारी साहेब म्हणाले, "शेजारच्या शाखेत विलीन करायच्या शाखांची यादी वाचतो."

आमचं गाव नदीने दोन ठिकाणी वाटलेलं आहे. अलीकडे खुर्द, पलीकडे बुद्रुक. दोन्हीकडे आमच्या बँकेची शाखा. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की खुर्दच्या माणसाला बुद्रुक आणि लंडन सारखंच. आमच्याकडे पेन्शनला येणाऱ्या एक आजी आहेत. त्या महिन्याच्या एक तारखेला काठी टेकत येतात, अंगठा देतात, नोटा दोनदा मोजतात आणि मलाही एकदा मोजायला लावतात.

साहेबांनी यादी वाचली आणि गावाचं नाव घेतलं. आम्ही सगळे फोनवर वाकलो. पुढचा शब्द आला तो— टूं!

खुर्द की बुद्रुक? आमच्या मॅनेजरांनी विचारायला स्टार-सहा दाबलं. त्याच क्षणी नदीपलीकडच्या मॅनेजरांनीही दाबलं. या चार टूंखाली पुढच्या शाखेचं नाव बुडालं. मग ज्यांचं बुडालं होतं त्यांनी दाबलं आणि त्यापुढचं बुडालं. पाचच मिनिटांत तो फोन राहिला नाही, लग्नातला बँड झाला. साहेब ओरडत होते, मॅनेजर दाबत होते आणि खाली कुठेतरी यादी चालली होती. "पुढच्या सोमवारी बघू," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

तो आठवडा आम्ही कसा काढला ते सांगत नाही. मी मात्र भाच्याला विचारून एक कागद तयार केला आणि मॅनेजरांच्या सहीने वर पाठवला. बटण नंबरचं न दाबता फोनवरचं स्वतंत्र म्यूट दाबावं, त्याचा आवाज पलीकडे जात नाही. एकदा आत आल्यावर पुन्हा पिन दाबत बसू नये. आणि यादी वाचायची असेल तेव्हा साहेबांनी आपल्याकडून सर्वांचा आवाज बंद करून बटणांचे सूरही गाळायला कंपनीला सांगावं. तशी सोय असते.

आमच्या बँकेत कागदाची इतक्या तातडीने दखल घेतलेली मी प्रथमच पाहिली. पुढच्या सोमवारी एकही टूं नाही. साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला तोसुद्धा ऐकू आला. यादी वाचली गेली. गावाचं नाव आलं आणि त्यापुढे स्वच्छ, खणखणीत, "खुर्द".

आमच्या मॅनेजरांनी स्टार दाबलं, सहा दाबलं. मग पुन्हा स्टार, पुन्हा सहा. तिकडे साहेब पुढची शाखा वाचत होते.

"पुलाचं तरी सांगायला हवं हो," ते मला म्हणाले आणि तिसऱ्यांदा स्टार दाबलं.