एक चूल, तीन वह्या

संगणक घ्यायला गेले की दुकानदार आधी 'कोअर' किती ते सांगतो. चार, सहा, आठ. एकाच चिपमध्ये हिशेब करणारे तेवढे हात आहेत, असा त्याचा अर्थ. पण हे हात सामान कुठून घेतात, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आमची पुतणी इथेच सोलापुरात संगणक शाखेत शिकते. तिच्याकडून आम्हा तिघी जावांना ते कळले, आणि लवकर कळले, कारण आमच्या घरी चूल एक आणि राबणारे हात सहा.

संगणकाची मुख्य मेमरी म्हणजे बाजार. तिथे सगळे मिळते, पण जाऊन यायला वेळ लागतो. प्रोसेसर इतका वेगवान, की तिथून एक आकडा येईपर्यंत त्याची शेकडो पावले वाया जातात. म्हणून हाताशी छोटा साठा ठेवतात. त्याला कॅश म्हणतात. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली आणि १९६८ साली आयबीएमने जाहीर केलेल्या एका यंत्रात ती बाजारात आली.

आता बहुतेक प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरजवळ स्वतःची लहान कॅश असते, ओट्यावरच्या मसाल्याच्या डब्यासारखी. मोठी कॅश सर्वांची सामाईक, कोठीच्या खोलीसारखी. पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे. त्याच्या एकेका प्रोसेसरमध्ये २४ कोअर आहेत. प्रत्येकाला स्वतःची एक एमबीची कॅश आणि सगळ्यांत मिळून सुमारे ३६ एमबीची कोठी. सामाईक कोठीचा फायदा असा, की एकाने आणलेले दुसऱ्याला पुन्हा आणावे लागत नाही. तोटाही आहे. एकाने पसारा मांडला की दुसऱ्याचे सामान बाहेर पडते. ईदच्या आदल्या रात्री आमच्या कोठीत हेच होते.

खरी पंचाईत पुढे आहे. एकच आकडा दोघांच्या डब्यात असला आणि एकाने तो बदलला, तर दुसऱ्याकडचा शिळा झाला. यासाठी नियम आहे : ज्याला लिहायचे आहे, त्याने आधी बाकीच्यांच्या प्रती रद्द करायच्या. मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी १९८४ साली इलिनॉय विद्यापीठात याची जी पद्धत बसवली, तिचे प्रकार आजही वापरात आहेत.

पण कॅशमध्ये सुटा आकडा येत नाही, अख्खी ओळ येते, बहुधा ६४ बाइटची. समजा, दोन कोअरचे दोन वेगळे आकडे एकाच ओळीत बसले. दोघेही आपापलाच आकडा लिहितात, दुसऱ्याच्या आकड्याला हात लावत नाहीत. तरी प्रत्येक लिहिण्याबरोबर अख्खी ओळ एकाकडून दुसऱ्याकडे ओढली जाते आणि काम रेंगाळते. इंग्रजीत याला 'फॉल्स शेअरिंग' म्हणतात. आपण खोटी भागीदारी म्हणू.

पुतणीने हे सांगितले तेव्हा आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. अब्बा गेल्यापासून घरखर्चाची वही आमच्याकडे आली. आमच्यातली एक शाळेत शिकवते, एक शिलाई करते, एक अंगणवाडीत जाते. वहीच्या एकाच पानावर तिघींचे तीन रकाने. कुणी कुणाच्या रकान्यात लिहिले नाही, एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. तरी वही हवी तेव्हा ती दुसरीच्या खोलीत. मग 'वही दाबून ठेवता,' मग 'लपवायचे काय असते?' रमजानपर्यंत गोष्ट चूल वेगळी करण्यावर आली होती. अम्मा काहीच बोलत नव्हत्या. वेगळ्या झालेल्या तीन चुलींपैकी त्यांनी कोणत्या चुलीवरची भाकरी खायची, हे आम्हालाही एकमेकींना विचारता येत नव्हते.

संगणकवाले अशा वेळी मेमरीची वाटणी करत नाहीत. दोन आकड्यांच्या मध्ये रिकामी जागा सोडतात, म्हणजे प्रत्येकाला आपली ओळ मिळते. थोडी जागा वाया जाते, एवढेच. आम्ही तीन वह्या आणल्या. महिनाअखेरीस अम्मांसमोर बसून बेरीज एकत्र करतो. चूल एकच आहे.

याने सगळे मिटले असे नाही. गॅसचे सिलिंडर, अम्मांना दवाखान्यात नेण्याची पाळी, थोरल्या मुलाची फी, ही खरी भागीदारी आहे. तिथे कितीही वह्या आणल्या तरी विचारावे लागते, थांबावे लागते, कधी मन मारावे लागते. पण खऱ्या भागीदारीसाठी लागणारा सबर आम्ही खोट्या भागीदारीत खर्च करत होतो, तो आता हाताशी उरतो.

ज्या भगिनींच्या घरी वेगळे निघण्याची बोलणी चालू असतील, त्यांनी आधी एवढेच पाहावे : भांडण एकाच रकमेवरून आहे, की दोन रकमा एकाच पानावर आहेत म्हणून?