बाहुल्याच्या तोंडून

मोठ्या माणसाला राग आला, की तो 'मी मुळीच रागावलेलो नाही' असे सांगतो. लहान मुलाला आला, की ते वाटी भिरकावते. दोघांत मूलच अधिक प्रामाणिक; पण भिरकावलेल्या वाटीवरून रागाचे कारण काही कळत नाही. आणि कारण विचारावे, तर मूल आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागते. ते काही लपवीत असते असे नाही. मनात जे कालवते, त्याला नाव असते, हेच त्याला अजून ठाऊक नसते.

माझी धाकटी बहीण मोऱ्याला राहते. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत रेल्वे आली, अटल सेतूही खुला झाला. तरी मी आपली भाऊच्या धक्क्यावरून लाँचनेच जाते. गेल्या श्रावणात तिच्या ओटीवर शेजारची पाचसहा पोरे जमवून मी बाहुले करायला बसले. सामान सगळे घरचे: करवंट्या, काठ्या, जुनी फडकी, जाळ्याचे तुकडे, शिंपले आणि कणकेची खळ. नारळाला तीन डोळे देऊन देवाने निम्मे काम आधीच करून ठेवले आहे. दोन डोळे झाले, तिसऱ्याचे तोंड! जाळ्याचे केस लावले, फडक्याचा झगा बांधला, की बाहुले बोलायला तयार.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने बाप घरी असतो, खांद्यावर घेऊन हिंडवतो. आणि ऑगस्ट उजाडला, की होडी घेऊन निघून जातो. ओटीवरची एक पाचसहा वर्षांची मुलगी सकाळपासून गप्प होती. खेळात सगळी बाहुली जेवायला बसली, तिचे तेवढे पाठ फिरवून बसले. मी तिला काही न विचारता बाहुल्यालाच विचारले, "काय रे, जेवत का नाहीस?"

झग्याआड तोंड लपवून तिने जाडा आवाज काढला, "याला भूक नाय. याचा बापूस दर्याला गेलाय."

समोरचे बाहुले लगेच म्हणाले, "माझा पण गेलाय. बरफ संपला का येतंय तो."

होडीतला बर्फ संपत आला, की मासळी टिकत नाही आणि होडीला परतावेच लागते. एवढे शहाणे सांत्वन मला काही सुचले नसते. पाठमोरे बाहुले हळूच वळले आणि त्याने खोटाखोटा भात खाल्ला.

'तुला भीती वाटते का?' असे मी विचारले असते, तर 'नाय' एवढेच उत्तर मिळाले असते. बाहुले आपले असते, पण आपण नसतो. म्हणून त्याच्या तोंडून खरे बोलता येते. य. के. पाध्यांचा अर्धवटराव, आणि पुढे रामदास पाध्यांच्या मांडीवर बसलेला तोच, असे काही बोलून जाई, की ते मालकाने बोलणे शोभले नसते. आणि आपण मोठी माणसे पोट धरून हसत होतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतूनच मुलांची साधने घडविली. महागाची बाहुली मुलाला जपावी लागते; करवंटीच्या बाहुल्यावर रागावता येते.

मात्र एक पथ्य आहे. 'आता रडका चेहरा काढा' असे फर्मावू नये. चेहरा मुलाला सापडू द्यावा. बाहुले म्हणाले, 'मला हे नवे बाळ नको', तर 'असे बोलू नये' म्हणून त्याला दटावू नये. जे बोलून झाले, ते चिमटे काढून दाखवण्याची गरज पुष्कळदा उरत नाही.

या दिवाळीत अंगणात किल्ला होईल, तेव्हा थोडी माती शिल्लक ठेवा आणि मुलाच्या हातून एक जादा मावळा करवून घ्या. बुरुजावर त्याला एकट्यालाच उभे करा. मग सहज विचारा, "काय हो मावळे, रात्री भीती नाही ना वाटत?" आणि पणतीत तेल घालण्याचे निमित्त करून उत्तराची वाट पाहा.