चाकोरी

साइड-बाय-साइडमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हातांबद्दल सांगतो. गाडी कलली तर हात बाहेर टाकायचा नाही, समोरची दांडी धरून ठेवायची. पडताना हात टेकायचा हा माणसाचा जन्मजात स्वभाव, आणि या गाडीत तोच घात करतो. गाडीचं वजन सातशे किलोच्या आसपास, वर लोखंडी पिंजरा. गाडी आडवी झाली तर पिंजरा आतल्या माणसाला वाचवतो, पण पिंजऱ्याबाहेर आलेला हात त्याच पिंजऱ्याखाली सापडतो. म्हणून पट्टा घट्ट, दार बंद, हात आत. हे सांगून झाल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही.

तीन वर्षांपूर्वी जुलैत माझे मामा इथे, कोलोराडोत, माझ्याकडे राहायला आले होते. त्यांनाही मी हेच सांगितलं. मामांनी सव्वीस वर्षं सातारा ते बामणोली वडाप जीप चालवली. कासच्या चढाची आणि पावसाळ्यातल्या धुक्याची त्यांना चांगली ओळख. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. दारात लोंबणारं माणूस घिऊन म्या कधी गाडी हलवली न्हाई."

साइड-बाय-साइड म्हणजे दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील अशी, चारही चाकांना जोर पोचणारी, उघडी, मोठ्या चाकांची गाडी. इथल्या शेतकऱ्यांनी आणि गुरंवाल्यांनी ती कामासाठी वापरायला घेतली आणि मग डोंगरवेड्यांनी ती डोंगरात नेली. चाकं स्वतंत्रपणे इतकी वरखाली होतात की एक चाक गुडघाभर दगडावर असताना बाकीची तीन जमीन सोडत नाहीत. ही गाडी जवळजवळ कुठेही जाते, आणि मला जे सांगायचं आहे ते नेमकं या 'कुठेही'बद्दल आहे.

मी राहतो मॉन्ट्रोझला. तिथून दक्षिणेला सॅन वॉन पर्वतरांग. युरे, सिल्व्हर्टन आणि लेक सिटी या तीन गावांना जोडणारी सुमारे शंभर किलोमीटरची कच्ची वाट तिथे आहे, तिला अल्पाइन लूप म्हणतात. वाटेत दोन मोठ्या खिंडी लागतात, सिनॅमन पास १२,६४० फुटांवर आणि एंजिनियर पास १२,८०० फुटांवर. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे या खिंडी त्याच्या दुपटीहून उंच. वर्षातले सात-आठ महिने बर्फाखाली असतात. जूनमध्ये यंत्रांनी बर्फ कापून वाट मोकळी करतात आणि ऑक्टोबरात ती पुन्हा बंद होते.

ही वाट काही हौशी लोकांसाठी केलेली नाही. १८७० च्या दशकात इथे चांदी-सोन्याच्या खाणी निघाल्या आणि खनिज खाली आणायला खेचरांच्या तांड्यांसाठी, मग गाड्यांसाठी रस्ते खोदले गेले. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या ऑटो मियर्स नावाच्या माणसाने या भागात कितीतरी टोल रस्ते बांधले. वळणं जिथे आहेत तिथेच का आहेत, हे चढताना समजतं. भरल्या गाडीची जनावरं जिथे दम खातील तिथे जागा थोडी रुंद आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या गाडीवानाने जिथे थांबायचं ठरवलं, तिथेच आज मी समोरच्या जीपला वाट देतो.

आम्ही सकाळी सातला निघालो. ही वेळ सोडायची नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी ढग जमतात आणि झाडांच्या रेषेवर, साधारण साडेअकरा-बारा हजार फुटांच्या वर, विजेपासून आडोसा म्हणून काहीच नसतं. बाराच्या आत खिंडीवरून खाली उतरलेलं असायचं. हा नियम मी मोडत नाही आणि माझ्याबरोबर येणाऱ्याला मोडू देत नाही.

सिल्व्हर्टन गावात या गाड्या चालवायला २०२१ पासून बंदी आहे. आवाज आणि धूळ यांना गाव कंटाळलं होतं आणि गावाचं बरोबर होतं. आपल्या घरासमोरून दिवसभर पन्नास गाड्या धुरळा उडवत गेल्या तर आपणही तेच केलं असतं. मी गाडी ट्रेलरवर घालून गावाच्या पलीकडे नेतो आणि तिथे उतरवतो.

पहिला टप्पा सोपा. अॅनिमस नदीच्या कडेकडेने वाट जाते. युरेकाची जुनी वस्ती मागे पडली की दगड सुरू होतात. तिथे मी थांबलो आणि गिअरचा दांडा 'हाय'वरून 'लो'वर आणला. मामांनी लगेच विचारलं, "अजून तर चढ लागला न्हाई?"

याचं उत्तर मी एकदा फार महागात शिकलोय. या गाडीत आपल्या जीपसारखे दातांचे चार-पाच गिअर नसतात. तुमच्या अॅक्टिव्हाच्या मागच्या चाकापाशी डाव्या बाजूला जो लांबट डबा असतो, त्यातली व्यवस्थाच इथे मोठी करून बसवलेली असते. दोन पुल्या आणि त्यांच्यामधून फिरणारा रबरी पट्टा. वेग वाढला की पुढच्या पुलीच्या तबकड्या जवळ येतात, मागच्या लांब होतात आणि पट्टा आपली जागा बदलत राहतो. वेग पुरेसा असेल तर तबकड्या पट्टा घट्ट धरतात. पण खड्या चढावर हाय रेंजमध्ये, चालण्याच्या वेगाने, एका दगडावरून दुसऱ्यावर जात राहिलं की धरतही नाहीत आणि सोडतही नाहीत. घासत राहतात. घासलं की तापतं.

मी इथे गाडी चालवायला लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी एंजिनियर पासच्या चढावर मी असाच हायमध्ये चढत होतो. इंजिन ओरडत होतं, गाडी हलत नव्हती आणि मी आणखी पाय दाबत होतो. आधी जळक्या रबराचा वास आला, मग 'फट्' असा आवाज आणि गाडी नुसतीच गुरगुरायला लागली. डब्याचं झाकण काढलं तर आत पट्टा नव्हता, काळ्या सुताचे गुंते होते, पुलीच्या दांड्याभोवती आवळून बसलेले. ते एक-एक करून चिमट्याने ओढून काढले. तबकड्यांवर चिकटलेलं रबर फडक्याने पुसलं. जवळ नवा पट्टा होता, म्हणून निभावलं. हत्याराने मागच्या तबकड्या फाकवून, पट्ट्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना हे दोनदा बघून, बसवला. सव्वा तास गेला. पश्चिमेला ढग काळे होत होते आणि त्या उंचीवर दर चार स्क्रूनंतर दम लागत होता.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "चढाचा गिअर चढाच्या आदी पडाया पायजे." कासच्या घाटात त्यांनी हेच पाळलं होतं. गाडी वेगळी, आतली करणी वेगळी, शहाणपण तेच.

उतरतानाही 'लो'च. ब्रेक दाबत उतरलो तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पायाखाली काहीच उरत नाही. माझ्या गाडीत एक बारकावा आहे. अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की पट्टा सैल होतो आणि गाडी मोकळी सुटते. पाय अगदी पिसासारखा ठेवला तर पट्टा धरून राहतो आणि इंजिनच गाडी आवरतं. उतरताना किंचित अॅक्सिलरेटर द्यायचा हे नवशिक्याच्या गळी उतरत नाही. पायाला ते कळायला मला दोन उन्हाळे लागले.

अॅनिमस फोर्क्सला थांबलो. ११,२०० फुटांच्या आसपासचं हे खाणीचं गाव, १९२० च्या दशकात ओस पडलं. १८७९ साली बांधलेलं डंकन यांचं घर अजून उभं आहे, त्याची पुढे आलेली मोठी खिडकी दरीकडे तोंड करून. १८८४ च्या हिवाळ्यात इथे तेवीस दिवस बर्फाचं वादळ चाललं आणि लोकांनी एका घरातून दुसऱ्या घरात जायला बर्फातून बोगदे खणले. मामा त्या खिडकीत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "आन् गुरं कुठं बांधत आसतील?" मला इतक्या फेऱ्यांत हा प्रश्न सुचला नव्हता.

तिथून सिनॅमन पास. या उंचीवर हवा इतकी विरळ की साध्या इंजिनाची समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. माणसाचंही तसंच. मामांना मी आधी दोन दिवस घरी आराम करायला लावला होता, आणि वाटेत सारखं पाणी पाजत होतो. झाडं मागे राहिली. वर नुसतं हिरवं, आखूड गवत आणि त्यात बोटाच्या पेराएवढी फुलं. पिवळी, जांभळी, पांढरी. मी इंजिन बंद केलं. मामा उतरले, खाली वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "आरं, हे तर कासच हाय!"

खरोखर तसंच आहे. कासला जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आणि थोड्या आठवड्यांचा बहर. इथे थंडीने गोठणारी पातळ माती आणि दोन महिन्यांचा उन्हाळा. दोन्हीकडे फूल जमिनीला चिकटून राहतं आणि दोन्हीकडे माणसाचा पाय त्याला जड होतो. कासला माणसं फुलांत बसून फोटो काढायला लागली, तेव्हा कुंपण घालावं लागलं. इथे कुंपण नाही. इथे फक्त वाट आहे आणि वाटेवर राहायचं हा नियम.

मराठीत आपण 'चाकोरी' हा शब्द फार वाईट वागवला आहे. चाकोरीतलं आयुष्य म्हणजे कंटाळवाणं, चाकोरीबाहेरचा माणूस म्हणजे थोर. मी बारा वर्षं या डोंगरात गाडी चालवतोय आणि मला चाकोरी हा आदराचा शब्द वाटतो. चाकांनी कोरलेली ती जागा आधीच दबलेली आहे, तिथे आता काही उगवणार नाही, आणि म्हणूनच माझं चाक तिथे चालतं. दोन फूट बाजूला जे आहे ते उगवायला किती पावसाळे गेले हे मी बघितलेलं नाही. वाटेत डबकं आलं तर त्याच्या बाजूने वळसा घालू नये, डबक्यातूनच जावं. समोरून गाडी आली तर गवतावर चढू नये, मागे घ्यावं. ज्या गाडीला कुठेही जाता येतं ती दोन रेघांमध्ये ठेवणं, हे मला दगड चढण्यापेक्षा अवघड आणि मोठं कौशल्य वाटतं. दगड चढायला गाडीच मदत करते. या बाबतीत ती काहीच मदत करत नाही, उलट भुलवते.

लेक सिटीकडे खाली उतरून हेन्सन क्रीकच्या बाजूने एंजिनियर पास चढलो आणि युरेच्या बाजूला, मिनरल क्रीकच्या वाटेने उतरायला लागलो. या वाटेवर पायऱ्यांसारखे खडक आहेत आणि एका अंगाला दरी. चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, ही इथली रीत. म्हणून तीन जीप खालून येताना दिसल्या तेव्हा मी रुंद जागा बघून थांबलो. पहिल्या चालकाने जाताना दोन बोटं वर केली. मागे अजून दोन आहेत. दुसऱ्याने एक बोट. तिसऱ्याने मूठ. संपलं. बोलणं नाही, हॉर्न नाही. मामांनी तिघांनाही हात केला आणि मग माझ्याकडे वळून मूठ दाखवली, समजलं म्हणून.

त्याच्या खाली एक पायरी होती, माझ्या गाडीच्या पोटाला लागेल अशी. मामा म्हणाले, "मी उतरतो." मी नको म्हणालो, पण ते पट्टा सोडून उतरलेही. पुढे दहा पावलांवर, दरीच्या नव्हे तर डोंगराच्या अंगाला, मला दिसतील असे उभे राहिले. अगदी बरोबर जागा. दिशा दाखवणारा एकच असावा आणि तो गाडीच्या वाटेत कधी नसावा. त्यांनी उजव्या हाताचा तळवा जरासा फिरवला. मी उजवं चाक मोठ्या दगडावर घेतलं. "दगड पोटाखाली नको, चाकाखाली घे! यिऊ दे... यिऊ दे... यिऊ दे... बास." चाक दगडाच्या माथ्यावर आलं, गाडी डोंगराकडे झुकली, मग हळूच पुढे उतरली. खाली काही लागलं नाही. सातारच्या स्टँडवर रोज ऐकू येणारी ती हाळी अकरा हजार फुटांवर, त्या कड्यावरून परत ऐकू आली, आणि मला गाडी थांबवून थोडा वेळ बसून राहावं लागलं.

दीड वाजता पाऊस आला तेव्हा आम्ही डांबरी रस्त्याला लागलो होतो.

सिनॅमन पासच्या गवतावर मामांना मी एक जागा दाखवली होती. त्याच्या नऊ वर्षं आधी एका चालकाला मी तिथे वाट सोडून, समोरच्या टेकाडापर्यंत जाऊन परत येताना पाहिलं होतं. सगळं मिळून पाच मिनिटं. त्या दोन रेघांमध्ये मामांनी बोट घातलं, तर ते पहिल्या पेरापर्यंत गेलं. यंदा जुलैत मी पुन्हा गेलो होतो. रेघा आहेत. आता बारा वर्षं झाली, आणि त्यांत अजून फूल आलेलं नाही.