वारसा आणि परवाना

सायखेड्यातील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी लोखंडी कपाटात एक एकनळी बंदूक असे. गोदावरीला पूर आला की चोपड्यांबरोबर तीही माळ्यावर जाई. अनेक वर्षांत तिच्यातून एकही बार निघाला नव्हता. वडील निवर्तले, उठावणा झाला आणि मुलाने कपाट उघडले. दुकान, वखार, देणी-घेणी वारशाने आली, तशी बंदूकही आली, असा त्याचा समज होता.

१९५९ चा शस्त्र अधिनियम तसे मानत नाही. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि हवे असल्यास स्वतःच्या नावे परवाना मागावा.

“पण स्वसंरक्षण हा माझा हक्क नाही का?” मुलाने वकिलांना विचारले.

“तो आहेच, पण त्यासाठी बंदूक बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही,” ते म्हणाले.

ही मागणी आपल्याकडेही झाली होती. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी भारतीयांना निःशस्त्र केले. त्या अपमानाचा सल होता, म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची सूचना संविधान सभेत मांडली. असा हक्क सरसकट दिला, तर चोर-दरोडेखोरही तो मागतील, असे सांगून डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून असा हक्क आहे. आपल्या कलम १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही शांततेने आणि विनाशस्त्र.

मुलगा तरी अर्ज करणारच होता. रात्री नाशिकहून परतताना त्याला भीती वाटे. तेव्हा आई म्हणाली, “गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रही जाणते. तुझे वडील रोकड घेऊन फिरत, म्हणून त्यांनी ती घेतली. तुझे पैसे बँकेतून जातात-येतात. आता घरात लहान नातू आहे. उद्या ती त्याच्या हाती पडली, तर ते हिंसादान कोणाच्या माथी?”

मुलाजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. परवान्यासाठी अर्ज मात्र केला नाही. रात्रीच्या रस्त्याची भीती अजून वाटते. म्हणून तो आता दिवस मावळण्यापूर्वीच नाशिकहून निघतो.