पाहुणा १९९८ सालचा

मुलांनो, एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक राहू शकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? खरा नव्हे हं, खराखुरा वाटेल असा! त्याला स्वतःची मेमरी असते, स्वतःची हार्ड डिस्क असते. तो सुरू करावा लागतो, बंद करावा लागतो आणि कधीकधी तो आजारीसुद्धा पडतो. पण हात लावून पाहू म्हटलं तर काहीच हाती लागत नाही. आपल्या नेहमीच्या पडद्यावर एक चौकट उघडते आणि त्या चौकटीत तो सुखाने नांदत असतो.

अशी सोय करून देणाऱ्या एका प्रोग्रामचं नाव आहे व्हर्च्युअलबॉक्स. २००७ साली इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीने तो बाहेर आणला. पुढे तो सन या कंपनीकडे गेला आणि २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे. त्याच्या भाषेत खऱ्या संगणकाला म्हणतात होस्ट, म्हणजे यजमान. आणि चौकटीत राहायला येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला म्हणतात गेस्ट, म्हणजे पाहुणा. मला हे नाव फार आवडलं. आपल्या घरी जितक्या तऱ्हांचे पाहुणे येतात, तितक्या तऱ्हांचे इथेही येतात. काही आल्याआल्या घरातलेच होऊन जातात. काहींना आपल्याकडचं पाणीच बाधतं.

आमच्या शाळेत आला तो पाणी बाधणारा.

त्याला बोलावण्याचं कारण होती एक सीडी. आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. २००० साली मुंबईला राहणाऱ्या एका गावकऱ्याने शाळेला संगणक भेट दिला होता. तेव्हाच्या गुरुजींनी निवृत्त होण्याआधी, २००१ साली, त्यावर एक काम केलं. मुलांच्या आणि स्वतःच्या आवाजात पाढे ध्वनिमुद्रित केले. साधे पाढे तर होतेच, पण त्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीही होती. तुमच्यापैकी कितीजणांना ही नावं ठाऊक असतील कोण जाणे! पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, दिडकी दीडचा. मापाडी, वाणी, सुतार यांचे हिशेब पूर्वी यांच्यावरच चालत. आणि हे पाढे नुसते पाठ करायचे नसत, ते एका चालीत म्हणायचे असत. त्या चालीत सतरा आठे 'एकशे छत्तीस' होत नाहीत, 'छत्तीसासे' होतात. पुस्तकात आकडे सापडतील, चाल कुठे सापडणार?

गुरुजींच्या पुतण्याने हे सगळे आवाज एका प्रोग्राममध्ये बसवून दिले होते. आगगाडीचं चित्र, प्रत्येक डब्यावर एक पाढा, डब्यावर क्लिक केलं की आवाज. आज गुरुजींनी ऐंशी ओलांडली आहे. झेंडावंदनाला आले तेव्हा मला म्हणाले, "बाई, आमची आगगाडी चालते का हो अजून? मला हल्ली अडीचकी सलग आठवत नाही. मधेच सुटते."

सीडी कपाटात होती, पण तो जुना संगणक कधीच भंगारात गेला होता. मी सीडी माझ्या लॅपटॉपला जोडली. विंडोज ११ ने सरळ सांगितलं, हा प्रोग्राम इथे चालणार नाही. त्याचंही बरोबर होतं. पुतण्याने वापरलेली साधनं जुन्या, १६ बिटांच्या पद्धतीची होती. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तसले प्रोग्राम चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. आवाज तेवढे वेगळे काढून घ्यावेत म्हटलं, तर ते सगळे एकाच मोठ्या फायलीत गाठोड्यासारखे बांधलेले. गाठ सोडणार तो प्रोग्रामच. म्हणून विंडोज ९८ ला पाहुणा म्हणून बोलवायचं ठरलं. जुन्या संगणकाबरोबर आलेली त्याची सीडी, पाकिटावरच्या क्रमांकासकट, कपाटात जपून ठेवलेली होती.

या कामात माझी सोबतीण होती चौथीतली एक मुलगी. 'माझं नाव छापायचं नाही' असं तिने बजावलं आहे, म्हणून तिला आपण चिंगी म्हणू. चिंगीला या सीडीत विशेष रस होता. २००१ साली तिची आई याच शाळेत चौथीत होती आणि सतराचा पाढा आपणच म्हटलाय, असं आई घरी सारखं सांगायची. चिंगीचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवा पाहुणा घेताना एक यादी येते. तीत विंडोज ९८ चं नाव आहे. पण मुलांनो, यादीत नाव असणं वेगळं आणि पाहुण्याची पूर्ण बडदास्त असणं वेगळं. नव्या पाहुण्यांसाठी गेस्ट अ‍ॅडिशन्स नावाचा एक जोडप्रोग्राम मिळतो. तो घातला की पडदा हवा तेवढा होतो, माऊस चौकटीतून आतबाहेर करतो, फायलींची देवाणघेवाण होते. विंडोज ९८ साठी तो नाही. शिवाय ज्यांनी विंडोज ९८ बनवलं, त्या मायक्रोसॉफ्टनेही जुलै २००६ मध्ये त्याची देखभाल थांबवली. म्हणजे यजमान म्हणतो, माझी जबाबदारी नाही. माहेरचे म्हणतात, आमचीही नाही. 'अनसपोर्टेड' या शब्दाचा अर्थ एवढाच. चालणार नाही असं कुणी म्हणत नाही. बिघडलं तर विचारायला येऊ नका, असं म्हणतात.

आणि ते बिघडलंच. सीडीवरच्या फायली व्यवस्थित उतरल्या, पाहुणा पहिल्यांदा बंद होऊन सुरू झाला आणि पडद्यावर एररची पाटी आली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पाटी. कधी सुरुवातीलाच, कधी निम्म्यावर, एकदा तर अगदी शेवटी, आता झालंच म्हणत असताना.

अशा वेळी माणसं काय करतात? दिसेल ते बटण दाबत सुटतात. मग काही सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही. चिंगीला मी एक वही दिली आणि तीन रकाने आखायला सांगितले : काय बदललं, काय झालं, पाटीवर काय लिहून आलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाटीवरचं इंग्रजी तिला सगळं कळत नव्हतं, पण तिने ते अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. 'काहीतरी एरर आला' असं लिहायला मी मनाई केली होती. ताप आलेलं मूल दवाखान्यात नेलं की डॉक्टर 'किती आला, कधी आला' असंच विचारतात की नाही?

चिंगीची पहिली सूचना अशी की पाहुण्याला मेमरी जास्त द्यावी. लॅपटॉपकडे भरपूर आहे, कशाला कंजूषपणा! मी तिला सांगितलं की हा पाहुणा उलट्या डोक्याचा आहे. त्याला ५१२ एमबीपेक्षा जास्त मेमरी दिली, तर 'मेमरी अपुरी आहे' अशी तक्रार तो करू शकतो. डिस्कवरच्या फायली हाताशी ठेवण्यासाठी तो मेमरीच्या प्रमाणात जागा अडवतो आणि मग बाकीच्या कामांना जागाच उरत नाही. ताट इतकं मोठं घेतलं की पाटावर बसायला जागा नाही! चिंगी खूप हसली. आम्ही २५६ एमबी दिले. पाट्या येतच राहिल्या, पण मेमरी किती दिली याचा प्रश्न तरी मिटला.

नऊ पाट्या लिहून झाल्यावर चिंगी वही घेऊन माझ्याकडे आली. एका पाटीत 'एक्सप्लोरर' होतं, एकीत 'रनडीएलएल ३२', एकीत 'एमएसजीएसआरव्ही ३२'. ती म्हणाली, "बाई, नावं वेगळी आहेत, पण आडनाव एकच आहे." आणि तिने बोट ठेवलं 'इनव्हॅलिड पेज फॉल्ट' या शब्दांवर.

खरं सांगते, एवढं नेमकं मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. दर वेळी वेगळा प्रोग्राम पडत असेल, तर दोष त्या प्रोग्रामांचा नाही. दोष सगळ्यांच्या पायाखाली आहे.

पायाखाली काय असतं? मेमरी. तिचे छोटे छोटे तुकडे असतात, त्यांना पानं म्हणतात. कोणतं पान कुठे ठेवलंय याची एक मोठी वही ऑपरेटिंग सिस्टिम ठेवते. समजा, ती ग्रामपंचायतीची वही आहे : कोण कुठल्या घरात राहतो त्याची. प्रोसेसर म्हणजे पोस्टमनकाका. प्रत्येक पत्रासाठी ग्रामपंचायतीत जाऊन वही उघडायची तर दिवस मावळेल. म्हणून ते नेहमीचे पत्ते एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतात. या चिठ्ठीला टीएलबी म्हणतात. आता कुणी घर बदललं, तर वहीत बदल होतो. पण तेवढ्याने भागत नाही. पोस्टमनकाकांना सांगावं लागतं, 'ती जुनी चिठ्ठी फाडा.'

विंडोज ९८ काही ठिकाणी हे सांगायला विसरतं! चूक मुळातली आहे, ९५ पासूनची. मग इतकी वर्षं ती दिसली कशी नाही? कारण जुन्या पोस्टमनकाकांचा खिसा लहान होता. नवे पत्ते लिहिताना जुने आपोआप पुसले जायचे आणि त्यांना परत वही पाहावी लागायची. गेल्या काही वर्षांतले प्रोसेसर जास्त पत्ते जास्त वेळ लक्षात ठेवतात. ते विश्वासाने जुन्या घरी जातात आणि तिथे भलतंच कुणी राहत असतं. झाला पेज फॉल्ट! मला हा सगळा प्रकार फार मौजेचा वाटतो. चूक जुन्याची होती, पण ती उघडी पडली नव्याच्या चांगल्या स्मरणशक्तीमुळे.

हे मी चिंगीला फळ्यावर चित्र काढून सांगितलं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेस्टेड पेजिंग नावाची एक सोय आहे. पाहुण्याची ही वही प्रोसेसरने थेट वाचावी, अशी ती व्यवस्था. ती बंद केली की यजमान स्वतः मधे पडून पाहुण्याच्या वहीवर लक्ष ठेवतो. आम्ही फक्त तेवढंच बदललं. पाट्या एकदम कमी झाल्या, पण पाहुणा गोगलगायीसारखा चालू लागला. म्हणजे निदान बरोबर होतं, औषध मात्र कडू होतं.

खरं औषध एका हौशी प्रोग्रामरने केलेलं आहे. पॅचर९एक्स त्याचं नाव, आणि ते फुकट मिळतं. विंडोज ९८ च्या फायलींत जिथे 'चिठ्ठी फाडा' म्हणायचं राहून गेलंय, तिथे ते दुरुस्ती करतं. आम्ही पाहुण्याला त्याच्या फ्लॉपीवरून सुरू केलं, दुरुस्ती करून घेतली, नेस्टेड पेजिंग पुन्हा चालू केलं. चिंगीच्या वहीतल्या सोळाव्या नोंदीपुढे तिसरा रकाना कोरा आहे.

बाकीच्या कुरबुरी किरकोळ. पडदा सोळाच रंगांचा होता आणि आगगाडीला २५६ हवे होते. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर घालावा लागला. माऊस चौकटीत अडकायचा, तो उजवीकडच्या कंट्रोल बटणाने सोडवायचा. फायली आत नेण्यासाठी दर वेळी त्यांची खोटी सीडी बनवायची, म्हणजे आयएसओ फाईल. गुरुजींच्या सीडीचीही मी तशीच नक्कल करून ठेवली होती, कारण ती एकुलती एक होती आणि तिच्यावर चरे पडले होते. मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसत होता. तेव्हाचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागा घेऊन बसत. सीडीवरचा फाँट बसवला आणि डब्यांवर नावं उमटली.

शनिवारी सकाळची शाळा सुटताना गुरुजी आले. चिंगीची आईही आली होती. चिंगीने मुद्दाम आधी सतराच्या डब्यावर क्लिक केलं. साउंड ब्लास्टरच्या किंचित खरखरीतून एक बारीक, घाईघाईचा आवाज आला आणि 'सतरा आठे छत्तीसासे' म्हणून पुढे धावला. चिंगीने आईकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे. "आई, तू नाकात बोलायचीस!" एवढंच ती म्हणाली. आईने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला कळलं नाही.

मग अडीचकी लागली. गुरुजींचाच आवाज, पण चोवीस-पंचवीस वर्षांनी तरुण. गुरुजी मांडीवर ताल धरून बरोबर म्हणू लागले. जिथे सुटायचं तिथे त्यांचा जुना आवाज पुढे व्हायचा आणि ते मागून येऊन त्याला गाठायचे. दुसऱ्यांदा लावली तेव्हा मुलंही मिसळली.

"औटकी कुठाय?" गुरुजींनी विचारलं. औट म्हणजे साडेतीन. आगगाडीत तो डबाच नव्हता, तेव्हा राहून गेला होता. मी मोबाईलवर ध्वनिमुद्रण चालू करून टेबलावर ठेवला. गुरुजींनी डोळे मिटले आणि चालीत सुरुवात केली. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... तिथे थांबले. वर्गात कुणी काही बोलेना. चिंगी बोटं मोडत होती.

"साडेसतरा," ती म्हणाली.

"एकवीस," गुरुजी म्हणाले आणि पुढे चालू लागले.